न धुतलेलं काहीतरी

काउंटरवर टाकलेल्या कोटातून ओल्या कुत्र्याचा वास आला आणि बाईंचा चिठ्ठी टाचणारा हात मध्येच थांबला. कोटाचा मालक, छत्री काखेत धरलेला एक मध्यमवयीन गृहस्थ, आपली घाई सांगत होता. कोट आठवड्याच्या आत हवा, कॉलर जरा सांभाळून, खिसे त्याने स्वतः तपासले आहेत. बाईंनी त्यातलं काही ऐकलं नाही. इतक्या वर्षांत ज्यांना गिऱ्हाइकाच्या कपड्यापुढे मान वाकवताना कुणी पाहिलं नव्हतं, त्या बाई कोटावर वाकल्या आणि त्यांनी खोल श्वास घेतला. आधी कुत्रा. कुत्र्याखाली तंबाखू. तंबाखूखाली, अस्तराच्या शिवणीत मुरलेला, आंबूस असा एकट्या माणसाचा घाम. "कुत्रा आहे तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. "होता," गृहस्थ म्हणाला, "गेल्या महिन्यात गेला. म्हणून तर धुवायला आणला. घरभर नुसता त्याचाच वास." बाईंनी चिठ्ठी टाचली, पावती फाडून दिली, आणि तो गेल्यावर काउंटरची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. पायाखालची फरशी सरकावी असं काही घडलं नव्हतं. एक वास आला होता, एवढंच. पण कित्येक वर्षं बाईंना कसलाही वास येत नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी यजमानांखेरीज कुणालाही कळू दिली नव्हती. लॉन्ड्रीच्या मालकिणीला नाक नाही हे एकदा बाहेर फुटलं, की धुतलेल्या आणि न धुतलेल्या कपड्यातला फरक तिला कळतो यावर कोण विश्वास ठेवणार?

वास गेला तो एका दिवसात गेला नाही. भाडेकरूने एकेक खोली रिकामी करत जावं तसा तो गेला, आणि त्याच्याबरोबर आणखीही बरंच गेलं: भुवयांची टोकं, आवाजाची धार, न थांबता जिना चढण्याची ताकद, हातापायांतली ऊब. बॉयलरच्या शेजारी बसून बाईंना थंडी वाजायची. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी आळसावली आहे, असं जुन्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक बारीक पांढरी गोळी लिहून दिली, जन्मभरासाठी. गोळीने बाई उभ्या राहिल्या, कामाला लागल्या, रिपोर्ट सुधारले. परंतु आपण आणि जग यांच्यामध्ये कुणीतरी एक ओली घोंगडी वाळत घातली आहे आणि ती काही केल्या वाळत नाही, ही भावना गेली नाही. "रिपोर्ट उत्तम आहेत," डॉक्टर दर खेपेला म्हणत. "रिपोर्टांचं झालं, आता मी कशी आहे ते विचारा," असं एकदा बाईंनी त्यांना सुनावलंही होतं. डॉक्टर हसले, वय झालं आता, म्हणाले. यथावकाश त्यांचंही वय झालं, ते निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी लेकीहूनही लहान दिसणारी एक डॉक्टरीण आली. सकाळी जाग आल्यावर काय वाटतं, असं तिने विचारलं. "काहीच वाटत नाही," बाई म्हणाल्या. ती लिहिता लिहिता थांबली. जुनी गोळी शरीराला कच्चा माल देते, तिने समजावलं, त्यातून कामाचं द्रव्य शरीराने स्वतः घडवायचं असतं; काही शरीरांना ते पुरेसं साधत नाही. जुनी थोडी कमी करू आणि तयार द्रव्याची दुसरी एक छोटी गोळी सकाळ-दुपार देऊन पाहू. तुमच्या वयाला ती जपूनच द्यावी लागते. छाती धडधडली तर लगेच यायचं, लपवायचं नाही. बाईंना ते आपल्या धंद्याच्या भाषेत चटकन उमगलं. आजवर मिळत होता तो कोळसा. ही थेट वाफ होती.

सकाळची गोळी आणि पहिला चहा यांच्यामध्ये अर्धा तास गेला पाहिजे, हा नियम मात्र कायम राहिला. यजमान होते तोवर त्या अर्ध्या तासात तेही चहा घेत नसत. "तुम्ही घ्या की, तुम्हाला कोणी अडवलंय?" बाई म्हणायच्या. "एकट्याने प्यायचा तर चहा कशाला, मग मीही औषधच घेतो," असं म्हणून ते खिडकी उघडून उभे राहायचे. लॉन्ड्रीत डाग काढण्याचं काम त्यांचं. कापड नाकाशी धरून ते सांगत, ही शाई, हे यंत्राचं तेल, हा खोकल्याच्या औषधाचा डाग आणि माणूस ते चोरून पीत असणार; कामगार त्यांना चेष्टेने नाकसाहेब म्हणत आणि तेही खुशाल ओ देत. बाईंचा वास गेल्यावर त्यांनी, काही न बोलता, न ठरवता, ते काम घरी आणलं. रोज सकाळी खिडकीत पाठमोरे उभे राहून ते रस्त्याची बातमी देत. "बेकरीत पाव करपलाय. पुढच्या चौकात डांबर टाकताहेत. समोरच्यांनी कांदा परतायला घेतला, एवढ्या सकाळी, म्हणजे भांडण झालेलं दिसतंय." "खरंच येतात का एवढे वास, की मनाचं सांगताय?" "नाकाचं सांगतोय." "मनाचंच सांगताय." "बरं, मनाचं. पण पाव करपलाय." बाईंना तेव्हा हसू यायचं का? ते त्यांना आता आठवत नव्हतं. घोंगडीपलीकडून कुणी बोलावं तसं ते सारं कानावर पडे आणि त्या घड्याळाकडे पाहत बसत.

कोटाच्या त्या दिवसानंतर वास एकामागून एक परत येऊ लागले, बोलावलेले आणि न बोलावलेलेही. ओल्या सुताचा, खळीचा, तापलेल्या लोखंडाचा. ड्रायक्लीनच्या द्रावणाचा, जो डोळ्यांच्या मागे जाऊन टोचतो. आणि गाठोडी सुटताना उठणारा माणसांच्या अंगांचा तो दाट, निर्लज्ज दरवळ. लोक आपल्या घरांतली गुपितं अशी गाठोडी बांधून बाईंच्या हवाली करत होते आणि बाई इतकी वर्षं ती चिठ्ठ्या टाचून नुसत्या मोजत होत्या. एका सकाळी, गोळी घेऊन बसल्या असता, त्यांनी यजमान गेल्यापासून बंद असलेली ती खिडकी उघडली. खालून करपलेल्या पावाचा वास आला. पाठोपाठ, रस्त्यापलीकडून, परतलेल्या कांद्याचा. म्हणजे मनाचं नव्हतं. एक शब्दही मनाचा नव्हता. बाई खिडकीत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या गालांवरून काहीतरी ओघळलं. प्रथम त्यांना वाटलं, डोळ्यांना नवी गोळी सोसत नसावी. मग हुंदका आला. यजमान गेल्यावर जो यायला हवा होता तो, वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा, इतक्या उशिरा दाराशी येऊन उभा राहिला होता, आणि त्याला आत घेण्यावाचून इलाज नव्हता.

यजमान गेले तेही याच अर्ध्या तासात. त्या सकाळी ते खिडकीशी गेले, जरा उभे राहिले आणि म्हणाले, "आज काही वासच येत नाही गं." "थंडी आहे बाहेर," बाई म्हणाल्या, "लावून घ्या ती खिडकी." खिडकी न लावता ते खुर्चीत बसले. ज्या माणसाला आयुष्यात एक सकाळ वास आला नाही असं झालं नव्हतं, तो हे म्हणतो आहे, याने बाईंच्या आत काहीही हललं नाही. त्यांनी ठरलेला वेळ जाऊ दिला, उठून चहा केला, दोन कप घेऊन आल्या, आणि खुर्चीकडे पाहिल्यावर दोन्ही कप, थेंबही न सांडता, टेबलावर ठेवले. त्या थेंब न सांडण्याचं पुढे सर्वांनी कौतुक केलं. बाई म्हणजे बाईच, लोक म्हणाले, काय धीराची बाई. तो धीर नव्हता. ती घोंगडी होती.

आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी कपडे धुवायला काढले. आलेला कपडा पडून राहता कामा नये, हा लॉन्ड्रीचा पहिला नियम बाईंनीच घातलेला. तो घरच्या कपड्यांना लागू नाही असं त्यांना सुचलंसुद्धा नाही. कपाटातले शर्ट, दारामागचा स्वेटर, उशीचा अभ्रा, चादर, रुमाल, कामाचा तपकिरी एप्रन, सगळ्यांचं गाठोडं बांधून त्या खाली घेऊन गेल्या आणि एकेकाला चिठ्ठी टाचून त्यांनी वर लिहिलं, तातडीचे. वाफेच्या प्रेसवर काम करणारा म्हातारा, ज्याच्या इस्त्रीच्या घडीने बोट कापेल म्हणून ज्याला सगळे कडक म्हणत, तो गाठोड्याकडे पाहत राहिला. "सगळं, बाई?" त्याने विचारलं. "सगळं," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी यजमानांचं अवघं आयुष्य लाकडी हँगरांवर, खळ घातलेलं, पांढरंशुभ्र, कागदात गुंडाळून परत आलं. आता, नाक परत आल्यावर, बाईंनी कपाट उघडलं आणि पहिल्या शर्टाच्या काखेत तोंड खुपसलं. साबण. दुसऱ्याच्या कॉलरमध्ये साबण. स्वेटरमध्ये साबण आणि वाफ. एकेक हँगर त्या काढत गेल्या आणि शेवटी पलंगावर त्या कपड्यांच्या ढिगात बसून राहिल्या. जगातल्या कुठल्याही बायकोच्या घरी एखादी मळकी टोपी, एखादा उसवलेला मोजा मागे राहिला असता. बाईंच्या घरी काही राहिलं नव्हतं, कारण बाई आपल्या कामात वाकबगार होत्या.

"कडक," त्या दिवशी दुपारी प्रेसच्या फुसफुसाटात त्यांनी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, "साहेबांच्या कपड्यांतलं तू तेव्हा काही बाजूला ठेवलं होतंस का रे? एखादं फडकं वगैरे?"

"नाही बाई."

"आठवून सांग. मी रागावणार नाही."

"तुम्ही रागावणार नाही म्हणता तेव्हाच भीती वाटते," कडक म्हणाला. मग त्याने प्रेस बंद केला. "एप्रन ठेवावा असं आलं होतं मनात. पण तुम्ही सगळं म्हणालात. तुमचं न ऐकता इथं टिकलंय कोण?"

कोटाचा गृहस्थ ठरल्या दिवशी आला. बाईंनी कोट जसाच्या तसा, चिठ्ठी काढून, त्याच्यापुढे ठेवला. "झाला नाही," त्या म्हणाल्या. "अहो, पण आज मिळेल म्हणालात." "म्हणाले होते. घरी न्या, महिनाभर खुंटीला टांगा, मग हवा असेल तर या." "महिनाभराने काय होणार आहे?" "तुम्हाला कळेल काय होणार आहे ते," बाई अशा स्वरात म्हणाल्या, की गृहस्थाने कोट मुकाट्याने हातावर घेतला आणि दारातून बाहेर पडता पडता, आपल्याला कुणी पाहत नाही असं समजून, तो नाकाशी नेला. "गिऱ्हाइकं अशी परत पाठवायला लागलो तर बरंच आहे," आतून कडक पुटपुटला, "मलाही आराम." बाईंना एक गोष्ट आठवली होती. चामडं धुता येत नाही. यजमानांच्या घड्याळाला चामड्याचा पट्टा होता, घामाने काळा पडलेला, मनगटाच्या आकारात कायमचा वळलेला. आणि ते घड्याळ लेकीकडे होतं.

लेक शहरातल्या तलावावर पोहायला शिकवायची. ती घरात शिरली की तिच्याआधी क्लोरीन शिरे; केसांतून, पिशवीतून, कातडीतूनही. लहानपणी बाई तिला दारातूनच न्हाणीघरात पिटाळत, आणि चाळिशी उलटली तरी ती सवय सुटली नव्हती. या वेळी मात्र बाई तिला न्हाणीघराकडे बोट न दाखवता म्हणाल्या, "बाबांचं घड्याळ दे बघू जरा." लेकीने ते मनगटावरून सोडवून दिलं. पट्टा रबराचा होता.

"चामड्याचा कुठाय?"

"बदलला. पाण्यात चामडं कुजतं, आई."

"तो जुना कुठं ठेवलास म्हणते मी."

"टाकला. घामाने नुसता चिकट झाला होता तो. घरी आणला असता तर तूच म्हणाली असतीस, ही घाण कशाला बाळगतेस."

ते खरं होतं. बाई अगदी त्याच शब्दांत म्हणाल्या असत्या. त्यांनी घड्याळ परत दिलं, आणि देता देता छातीत एक पक्षी फडफडला, थांबला, पुन्हा वेडावाकडा फडफडला. तो आजचा नव्हता. काही दिवसांपासून जिन्यात, गाठोडं उचलताना, कधी नुसत्या बसल्या बसल्या तो येत होता, आणि डॉक्टरणीने काय बजावलं होतं ते बाईंना पुरतं आठवत होतं. तिच्याकडे जायचं म्हणजे वाफ बंद व्हायची. वाफ बंद म्हणजे कोळसा, कोळसा म्हणजे घोंगडी, आणि घोंगडीपलीकडे, कुठल्यातरी खिशात, कुठल्यातरी फटीत, यजमानांचा उरलासुरला वास कायमचा हुकणार. आधी तो सापडू दे, मग सांगू, असा त्यांनी मनाशी करार केला होता. त्यासाठी त्यांनी चष्म्याची डबी हुंगली, खुर्चीची पाठ हुंगली, दाढीचा वाळलेला ब्रशसुद्धा हुंगला. पण लेक रोज माणसांचे श्वास आणि नाड्या पाहणारी. तिने आईचा चेहरा पाहिला आणि मनगट धरलं, बापाच्या घड्याळाकडे बघत.

"आई, ही अडखळतेय. किती दिवस चाललंय हे?"

"तुझं घड्याळच अडखळत असेल. जुनं आहे."

"आई!"

"ओरडू नकोस. मी तुझ्या तलावात नाहीये."

छातीच्या आलेखावरच्या रेषा लेकीलाही वाचता येतील इतक्या विस्कटलेल्या निघाल्या. डॉक्टरीण रागावली नाही, ते बाईंना अधिक लागलं. नवी गोळी आजपासून बंद, ती म्हणाली. जुनी पूर्वीइतकी, उद्यापासून. आणि हृदयासाठी आणखी एक. अशा ठोक्यांमध्ये रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते. "मला आठ दिवस द्या," बाई म्हणाल्या. सबंध आयुष्यात त्यांनी कुणाकडे मुदत मागितली नव्हती. मुदती त्या देत आल्या होत्या. "कशासाठी?" डॉक्टरणीने विचारलं. "एक काम आहे." "काम मोठं की जीव मोठा?" लेक मध्ये पडली. बाईंना उत्तर ठाऊक होतं, पण ते मोठ्याने देण्याजोगं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, की परत आलेला वास आता जाईल का. डॉक्टरीण जरा गोंधळली. वासाचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "तो नव्या गोळीनेच आला असं खात्रीने म्हणता येत नाही," ती म्हणाली, "राहीलही कदाचित. पण ही गोळी अंगातून लवकर उतरते. सांगवत नाही." परतताना रिक्षात लेकीने विचारलं, "वास येत नव्हता तुला? कधीपासून? बाबांना माहीत होतं?" "त्यांना सगळंच माहीत असायचं," बाई म्हणाल्या, आणि रडू लागल्या, उघड्या रस्त्यावर, रिक्षावाल्यादेखत, आणि लेक, जिने आईला कधी रडताना पाहिलं नव्हतं, हातातली औषधांची पिशवी घट्ट धरून भेदरल्यासारखी बसून राहिली.

तिने तलावावरून रजा घेतली आणि ती आईकडेच राहिली. दोन दिवस ती तपासण्या, औषधांचं दुकान आणि जिना यांच्यामध्ये धावत होती; अंगावरचे कपडे तेच, रात्री बैठकीतल्या कोचावर आडवी. बाई लक्ष ठेवून होत्या, लेकीवर नाही, आपल्या नाकावर. पाव अजून कळत होता. साबण कळत होता, पण कडेने झिजल्यासारखा. तिसऱ्या सकाळी त्यांनी बारीक पांढरी गोळी पाण्याबरोबर गिळली आणि खुर्चीत बसल्या, यजमानांच्या. शोध संपला होता. सापडायचं असतं तर सापडलं असतं. आणि जे सापडत नाही त्याचा दोष त्यांच्याच चोख हातांकडे जात होता, हे त्यांनी स्वतःशी, निकाल ऐकून घ्यावा तसं, ऐकून घेतलं. लेक डोळे चोळत आली, तिने खिडकी उघडली, आणि आईच्या खांद्यावरून घसरलेली शाल सारखी करायला ती खुर्चीवर वाकली.

वाकल्याबरोबर लेकीच्या मानेतून, शर्टाच्या दोन दिवसांच्या मळातून, क्लोरीन कुठेही नसलेल्या तिच्या उबदार काखेतून तो आला: किंचित तुरट, ओल्या लाकडासारखा, शेवटी गोडसर होत जाणारा. उन्हाळ्यात दुपारी डागांच्या टेबलावरून उठून यजमान शेजारी येऊन बसत, तेव्हाचा. तोच. कुणी धुतला नव्हता तो, कुणी टाकला नव्हता. इतकी वर्षं घरात येत होता आणि दारातूनच त्याला न्हाणीघरात पिटाळलं जात होतं. बाईंनी शाल सारखी करणारा तो हात धरून ठेवला.

"काय गं? धडधडतंय का?"

"नाही."

"मग सोड ना. दोन दिवसांची पारोशी आहे मी. आंघोळ करून येते पटकन."

"आत्ता नको."

"काय?"

"आंघोळ नंतर कर. इथं बस."

लेकीने आईकडे पाहिलं, जणू खुर्चीत भलतंच कुणी बसलं आहे. "तू मला आंघोळ करू नको म्हणतेयस? तू?"

"मी सांगते म्हणून."

यावर या घरात कधी कुणी काही बोललेलं नव्हतं. लेक खुर्चीच्या हातावर टेकली, आईच्या अगदी लगत. खाली बेकरीचं शटर वर गेलं. "बरं, चहा तरी घेऊ का मी तोवर?" तिने विचारलं.

"घे की. तुला कोणी अडवलंय?"

लेकीने बापाच्या घड्याळाकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "नको," ती म्हणाली, "तुझ्याबरोबरच घेते."

बाईंनी डोळे मिटले आणि, संपत जाणाऱ्या वस्तूची उधळपट्टी करू नये म्हणून, अगदी हळू श्वास घेतला.